सोबत : वडील, वय ८६

आरमोरी, १९ जानेवारी १९८६

आज शाळेत आरोग्य शिबिर झाले. बाहेरगावचे डॉक्टर आले होते, बरोबर शिकाऊ पोरेपोरी. साठीच्या वरच्या सगळ्यांना फुकट तपासणार, असा पुकारा झाला होता म्हणून गेलो.

उभे केले, आडवे केले, छातीला नळी लावली, लघवी काचेत घेतली. एक शिकाऊ मुलगी कागदावर लिहीत होती. साखर. रक्तदाब. दमा. अंतर्गळ. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. दोन्ही गुडघे. उजवा हत्तीपाय. सात झाले. मी म्हणालो, "ताई, कागद पुरते का?" ती हसली. सगळ्यात खाली छापील प्रश्न होता : तुमची प्रकृती तुम्हाला कशी वाटते? उत्तम, बरी, साधारण, वाईट.

मी म्हणालो, "उत्तम."

तिने 'साधारण'वर खूण केली. मला एकाच डोळ्याने दिसते, पण एवढे दिसते.

"ताई, मी उत्तम म्हणलो."

"आजोबा, सात आजार आहेत तुम्हाला."

"ते तुमी वरती लिहिले न. खाली मले विचारलं आहे."

तिने मोठ्या डॉक्टरकडे पाहिले. तो म्हणाला, "या वयात असंच बोलतात, राहू दे." मी खुर्चीवरून उठलो नाही. मागे रांग खोळंबली, लोक ओरडू लागले. शेवटी तिने खोडून 'उत्तम' केले. पेन्सिलीने. मी शाईने करायला लावले.

२६ जानेवारी

माझा धाकटा खुशाल चंद्रपूरहून आला. तिथे सरकारी कचेरीत बाबू आहे. सात आजारांची बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे.

"बाबा, आता बस्स झालं. चंद्रपूरले चला. तिथं डॉक्टर आहे, सगळं आहे."

"आणि गुणा?"

"बाई राहीन इथी. घर पाहायले कोणी पायजे न. आमच्याकडे दोनच खोल्या."

गुणा म्हणजे माझी थोरली, गुणाबाई. चौसष्टची आहे. बाविसाव्या वर्षी नवरा तापाने गेला आणि ती परत आली. त्याच साली या दोघांची आई गेली. खुशाल तेव्हा दहा वर्षांचा. गुणानेच त्याला वाढवले, तो तिला बाई म्हणतो. ती स्वयंपाकघरात होती. खुशालचे बोलणे ऐकून तिच्या हातातले भांडे वाजायचे थांबले. मला वाटले, माझे काम कमी होणार म्हणून तिला हायसे वाटले असेल.

मी खुशालला म्हणालो, "मी आजारी पडलो तर ने. आजारी दिसतो का?"

शेवटी असे ठरले : बुद्धपौर्णिमेपर्यंत मी एकदाही अंथरूण धरले नाही, तर त्याने न्यायचे नाव काढायचे नाही. धरले, तर दुसऱ्या दिवशी तो जीप घेऊन येणार. गुणा साक्षीदार.

म्हणून ही वही आता पुढे चालवतो. मी एकतीस वर्षे ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. रोज संध्याकाळी नोंदवही लिहायची सवय. जनावराने चारा खाल्ला का, रवंथ केला का, शेण कसे, चाल कशी. जनावर बोलत नाही, आपल्याला पाहावे लागते. डॉक्टर सायबाला नळी लावूनही सापडायचे नाही ते मला लांबून उभे राहून सापडत असे. तशीच आता स्वतःची नोंद ठेवतो. खुशालने वाद घातला तर त्याच्यापुढे वही टाकीन.

२ फेब्रुवारी

आहार : दोन्ही वेळा भात, लाखोरीचे वरण, अंबाडीची भाजी. पोट साफ. दमा सकाळी थोडा. चाल : बाजारापर्यंत जाऊन आलो, वाटेत एकदाच थांबलो. गुणा तीनदा थांबली. मी म्हणालो, तुझ्या वयात मी एकटा बैल आडवा पाडत होतो. ती म्हणाली, "पाडत असान."

प्रकृती उत्तम.

११ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानदाराशी भांडलो. पायाची सूज उतरावी म्हणून मला लघवीची गोळी आहे, रोज एक. महिन्याच्या तीस दिल्या म्हणतो. घरी सतराव्या दिवशी डबी रिकामी. त्याला म्हणालो, मी सरकारी नोकरीत औषधे मोजून दिली आहेत, मला शिकवू नको. तो पण काही कमी नव्हता.

गुणाला सांगितले तर म्हणे, "उंदरानं नेल्या असतीन. कायले भांडता लोकांसंग?"

डबी आता फळीवर ठेवायला सांगितली आहे.

२३ फेब्रुवारी

प्रकृती उत्तम. गुडघ्याला निरगुडीचा शेक घेतला.

गुणा हल्ली बसून झोपते. धानाच्या कोठीला पाठ टेकवून, मांडीवर उशी घेऊन. आडवे झाले की पाठ दुखते म्हणते. मी सांगितले, जमिनीवर सरळ पड, पाठ आपोआप सरळ होईल. ऐकत नाही. या वयात माणूस हट्टी होतो.

९ मार्च

हे वहीत लिहावे की नाही, दोन दिवस विचार केला. नोंद खोटी ठेवायची नाही म्हणून लिहितो. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत दम्याने फार हाल केले. बसता येईना, बोलता येईना. गुणाने कोणाला कळू दिले नाही. शेजारची रुखमा डोकावली तर दारातूनच सांगितले, "बाबा अंघोळीले बसले." वाफ दिली, पाठ चोळली, तोंडात चमच्याने पेज घातली. ती बसूनच झोपते, तेव्हा मला टेकवून ठेवायला सोपे गेले.

काल खुशालला कार्ड टाकले : सर्व क्षेम, मी ठणठणीत.

अंथरूण धरले असे म्हणता येणार नाही. मी पूर्ण वेळ बसून होतो.

गुणाला म्हणालो, आपण दोघांनी खुशालला चांगलाच चकवला. ती हसली. हसताना तिला खोकला आला, तो लवकर थांबेना. माझा दमा तिला लागला की काय, असे थट्टेने म्हणालो.

२२ मार्च

मोहाची फुले पडू लागली आहेत. सकाळी अंगणापर्यंत वास येतो. दरवर्षी गुणा आणि रुखमा पहाटेच टोपल्या घेऊन जंगलाच्या काठाला जातात. ताप असला तरी गुणा चुकवत नाही. यंदा गेली नाही. विचारले तर म्हणे चप्पल पायात जात नाही, कातडे आखडले. मी चप्पल मोच्याकडे नेली. त्याने ओढून पाहिली, म्हणे, "बाबा, कातडं तर जसंच्या तसं आहे." तरी ढिली करून आणली.

रुखमाने अर्धी टोपली मोह आमच्या दारात ओतून दिला. न बोलता गेली. भांडण झाले असावे दोघींचे.

गोळ्या पुन्हा कमी. फळीवर उंदीर कसा चढतो?

६ एप्रिल

आज सगळे लिहितो.

सकाळी आठचा सुमार असेल. गुणा अंगणात सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. ऊन तिच्या डाव्या बाजूने येत होते. मी ओसरीवर दाढी करत होतो. साबण पुसायला मान वळवली आणि तिची मान दिसली.

कानाखालून गळ्यापर्यंत शीर फुगलेली. अंगठ्याएवढी. आणि हलत होती.

ही शीर मी कितीतरी गाईंच्या मानेवर पाहिली आहे. चाऱ्याबरोबर तार, खिळा गिळतात, तो आतून काळजाला लागतो. मालक सांगतो, चारा कमी खाते, बाकी काही नाही. आपण पाहतो तर मानेची शीर फुगलेली, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीत पाणी उतरलेले, गाय बसायला तयार नाही, उभ्यानेच डुलक्या घेते. आडवी झाली की गुदमरते म्हणून.

आडवी झाली की गुदमरते म्हणून.

मी साबण तसाच ठेवून उठलो. "गुणा, पाय समोर कर."

"काऊन?"

"कर म्हणतो न."

तिने लुगडे घोट्यापाशी धरून ठेवले. मी हात बाजूला केला. पाय खांबासारखा होता. नडगीवर अंगठा दाबला, मनात वीस मोजले, उचलला. खड्डा तसाच राहिला. त्यात कण्या मावल्या असत्या.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"आणि गोळ्या?"

ती पुन्हा सुपातले खडे वेचू लागली. "तुमच्या पायाची सूज उतरली होती त्या गोळीनं. माही पण उतरते. मंग दोन दिवस बरं वाटते."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू?" तिचा आवाज कधी चढत नाही, तो चढला. "तुमी खुशालसंग शर्त लावून बसले. मी पडली असती तर तो दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आला असता. तुमाले घेऊन गेला असता अन् मले इथं कुलपासारखं लटकवून ठेवलं असतं. रुखमा म्हणे, सांग, सांग. मी तिचं तोंड बंद केलं. तर ती बोलणंच सोडून बसली."

"मी उत्तम आहो, गुणा. तुले लपवायची काय गरज होती?"

"हो न, उत्तम आहा. चूल मी पेटवतो, पाणी मी तापवतो, पाय मी चोळतो, अंतर्गळाचा पट्टा मी बांधतो. उत्तम राहाले तुमाले काय लागते? मी लागतो!"

मला राग आला. खरे लिहितो, आधी रागच आला. वाटले, हिने मला फसवले. मग दाढी करायला परत बसलो. आरशात अर्धे तोंड साबणाचे आणि अर्धे माझे होते. मला ते बघवेना.

अडीच महिने ही वही भरली. चाल मंद, बसून झोप, खोकला, पायात न जाणारी चप्पल. सगळे माझ्याच अक्षरात आहे. नोंद तिची झाली होती आणि मी वर माझे नाव घातले होते.

७ एप्रिल

इथल्या दवाखान्यात नेले. तरुण डॉक्टरने दोन मिनिटे पाहिले. "बाईचं वय झालं. विश्रांती घ्या, टॉनिक देतो."

"वय माझं झालं आहे," मी म्हणालो. "ती चौसष्टची आहे. तिच्या मानेची शीर पाहा."

"आजोबा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई. मी ढोरं पाहत होतो. ढोरातही दिसली असती तुमाले."

मागे कोणीतरी हसले, डॉक्टरचे तोंड लाल झाले. पण त्याने खुर्ची वळवली, तिचे डोके मागे टेकवले आणि नीट पाहिले. मग बराच वेळ नळी लावून बसला. उठला तेव्हा आवाज बदलला होता. ब्रह्मपुरीच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. म्हणाला, "उशीर करू नका. नेणार कोण?"

"मी."

रुखमा म्हणाली, खुशालभाऊले तार करते, तो येईपर्यंत थांबा. मी म्हणालो, तार कर, थांबत नाही.

८ एप्रिल, ब्रह्मपुरी

एस.टी.त गुणाला खिडकीची जागा मिळाली. मी उभा होतो. एका पोराने उठून जागा दिली, ती घेतली. गर्व करायची वेळ नव्हती.

दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन एक नर्स धावत आली आणि मलाच धरून बसवू लागली.

"पेशंट ती आहे."

तिने गुणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "मग सोबत कोण?"

"मी."

"दुसरं कोणी नाही?"

"नाई."

मोठी सिस्टर आली. समजावू लागली : आजोबा, सोबतच्या माणसाला धावपळ असते, औषध आणायचे, भांडे द्यायचे, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. मी म्हणालो, मी तसाही पाच वेळा उठतो. तो माझा आठवा आजार, शिबिरवाल्यांनी लिहिलाच नाही.

तिला हसू आवरेना. पण हसता हसता कार्डावर लिहिले. मी चष्मा लावून वाचून घेतले : सोबत : वडील, वय ८६.

१० एप्रिल

हृदय थकले आहे, छातीत आणि पायांत पाणी धरले आहे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. सुई दिली. किती पाणी प्याली, किती लघवी झाली, ते मोजून लिहायचे काम माझ्याकडे. हे मला येते. काल अडीच लिटर गेली. आज दोन. पायावर दाबले, खड्डा आता दहा मोजेपर्यंत भरतो.

बापाने भांडे द्यायचे म्हणून गुणा पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडली. मी म्हणालो, तू माझे धुतले तेव्हा मी रडलो नाही. ती म्हणाली, "तुमी शिव्या देत होते." दोघेही हसलो. शेजारच्या खाटेवरची बाई पाहत राहिली.

१३ एप्रिल

आज औषध आणायला जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरला म्हणून वाचलो. सकाळपासून पोटात काही नव्हते आणि साखर उतरवायची गोळी मात्र घेतली होती. सिस्टरने साखरेचे पाणी पाजले आणि दटावले, पुन्हा असे झाले तर घरी पाठवीन.

पायरीवर बसून होतो तेव्हा भीती वाटली. मरायची भीती मला पंधरा वर्षांपासून वाटत नाही. ही वेगळी होती. गुणा उठून उभी राहायच्या आधी मी पडलो तर, याची होती. मग केळी घेतली, दोन तिथेच खाल्ली, दोन खिशात ठेवली. आता वेळेवर खातो. पडायला मला सवड नाही.

१५ एप्रिल

काल बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक रस्त्यावरून गेली. गुणा उठून खिडकीपर्यंत चालत गेली. आठ पावले. खिडकीत उभे राहून दोघांनी हात जोडले.

रात्री ती आडवी झोपली. सिस्टरने सांगितले, मीही तिच्या खाटेखाली इतका घोरत होतो की वॉर्डातल्या बायांनी तक्रार केली.

डॉक्टरीणबाईंना विचारले, पूर्ण बरी होईल का? म्हणाल्या, पूर्ण नाही. गोळ्या कायमच्या, मीठ कमी, जड काम बंद. तशी जपली तर पुष्कळ वर्षे राहील.

"म्हणजे माझ्यासारखी," मी म्हणालो.

१९ एप्रिल

खुशाल आज आला. दौऱ्यावर होता, तार घरी पडून होती. आल्या आल्या वॉर्डातच सुरू झाला.

"शर्त हरले तुमी, बाबा. दोघंही चला आता. बाईचं मी करतो काहीतरी तिथं."

"मी आजारी पडलो का? शर्त काय होती?"

"तुमचा हा हट्टच बाईले घेऊन बसला!"

खरेच होते ते. मी तसे म्हणालो. खुशालला त्याची सवय नसावी. तो गडबडला.

तेव्हा गुणा म्हणाली, "खुशाल, इकडे ये. बस."

तो खाटेच्या कडेला बसला. बावन्न वर्षांचा माणूस, पण तिच्यापुढे पाय जुळवून बसला.

"'काहीतरी करतो' म्हणजे काय करशीन? दोन खोल्यांत मले कुठी ठेवशीन? मी सामान नाई आहो. मी आरमोरीलेच राहतो. बाबाही तिथंच राहतीन. तुले करायचं असन तर दर पंधरा दिवसांनी ये. पाहुणा बनून येऊ नको. लाकडं फोडायले ये, दळण आणायले ये."

"बाई, मले सांगायचं होतं न तू. मी आलो असतो."

"तू बाबाले न्यायले आला असता. मले पाहायले नाई."

खुशाल उठून बाहेर गेला. मला वाटले गेला तो गेलाच. अर्ध्या तासाने तिघांसाठी चहा घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते. गुणाचा चहा फार कढत तर नाही, ते त्याने आधी स्वतः चाखून पाहिले.

ती मग माझ्याकडे वळली. "अन् बाबा, घरचं आता तुमी करायचं. मी बसून सांगीन, तसं."

मी हो म्हणालो.

२४ एप्रिल, आरमोरी

घरी आलो. गुणाच्या पायात चप्पल गेली. ढिली होते म्हणते.

रुखमा आली, गुणाच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. मला मात्र खूप बोलली. ऐकून घेतले.

२ मे

या घरात साठ वर्षे राहतो आणि हळद कुठे असते मला माहीत नव्हते. चूल पेटवायला पाऊण तास. धुराने दमा उसळला, बाहेर जाऊन बसलो, पुन्हा आत आलो. वरण करपले. गुणा खाटेवरून सांगत होती, "हलवा, हलवा, आता झाका," आणि मी झाकून हलवत होतो.

जेवताना तिने करपलेले बाजूला काढले आणि उरलेले सगळे खाल्ले. म्हणाली, "मीठ कमी पडलं." मी म्हणालो, कमीच पडायचे आहे. दोघांनाही.

खुशाल रविवारी आला होता. लाकडे फोडून ढीग लावून गेला. हाताला फोड आले ते बायकोला दाखवायला जपून नेले.

११ मे

आजपासून बोअरवर पाणी भरायला मी जातो. आतापर्यंत रुखमा दोन गुंड पाणी भरून आणून देत होती, पण तिला स्वतःच्या घरचे पुरे आहे.

पट्टा आवळला, हत्तीपायाला फडके गुंडाळले, बादली घेऊन निघालो. गावच्या बायका थांबल्याच. एकीने बादली हातातून घेऊ पाहिली, मी दिली नाही. दुसरी म्हणाली, बाबाले पुढे येऊ द्या. मी म्हणालो, माझा नंबर आला की भरीन. नऊ जणींच्या मागे उभा राहिलो. एकदा खोकलो, एकदा कठड्यावर टेकलो, पण नंबर सोडला नाही.

दांडा जड आहे. बारा वेळा मारला की अर्धी बादली. अर्धीच नेता येते, म्हणून सहा खेपा.

तिसऱ्या खेपेला एक नवी सून होती, याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. तिला मी कोण ते माहीत नसावे. माझ्या पायाकडे पाहिले, चष्म्याकडे पाहिले, आणि हळूच विचारले, "बाबाजी, तुमी काऊन पाणी भरून राह्यले? घरी बाई नाई का?"

"आहे न," मी म्हणालो. "आराम करून राह्यली."